विहिरीच्या मालकिणीचे शेवटचे म्हणणे

मी, लीलाबाई कुशाबा ढमाले, वय ६२, अविवाहित, राहणार कासार आंबोली, तालुका मुळशी, सरकारी प्रयोगशाळेत पिण्याचे पाणी तपासण्याच्या कामावरून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण माझे धाकटे बंधू हैबतराव, सरपंच, गेली सात वर्षे गावभर उलट सांगत आहेत.

१. राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. ते गावकुसाबाहेरच्या वस्तीतले भिवाजी यांची सून रत्नाबाई हिला द्यावे. पुण्याच्या एका साहित्य मंडळाने 'प्रचारकी' म्हणून परत पाठवलेल्या माझ्या कविता ती भातलावणीला गाते. गाताना ओळी बदलते. बदललेल्या ओळी जास्त बऱ्या आहेत, हे मी तिला जिवंतपणी सांगणार नाही. कवितांचे हक्कही तिलाच.

२. वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेले विहिरीचे शेत. या विहिरीवर सारे गाव पाणी भरी. भिवाजींच्या वस्तीने मात्र कोणी ओतेपर्यंत लांब उभे राहायचे. निवृत्त होऊन आले, त्याच वर्षी, १९५७ साली, मी ती वस्तीला खुली केली. हैबतरावांनी सभा बोलावली आणि पाणी बाटल्याचे जाहीर केले. मी दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एक त्यांनी शेंदलेली, एक भिवाजींनी.

"यातलं बाटलेलं कुठलं, दाखव."

बंधूंनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "दोन्ही सारख्याच हायेत. आता मी काय करू?"

रात्रीतून त्यांनी विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकवल्या. आम्ही त्या काढताना मला कपाळावर दगड बसला. मारणारा कोण ते मला ठाऊक आहे, त्याच्या आईला नाही. म्हणून नाव लिहीत नाही. मामलेदारांनी विहीर मोकळी केली, तेव्हा गाव रुसून ओढ्यावर जाऊ लागले. वैशाखात ओढ्याचा चिखल झाला. मग भर दुपारी हंडा घेऊन आल्या त्या हैबतरावांच्याच पत्नी, माझ्या भावजय सारजाबाई. बंधू मागून "माघारी फिर" म्हणत होते.

"तुमी भाषण करा, मी पाणी भरते," सारजाबाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, "वन्सं, जरा सरका."

त्यांच्या मागोमाग गाव आले. शेत व विहीर भिवाजी आणि सारजाबाई यांच्याकडे विश्वस्त म्हणून राहील. ग्रामपंचायतीस देऊ नये.

३. सूक्ष्मदर्शक यंत्र हैबतरावांस. त्यातून त्यांना पाण्यात जात दिसल्यास तसे शास्त्रज्ञांना कळवावे. मला बत्तीस वर्षांच्या नोकरीत दिसली नाही.

४. माझ्या चितेला अग्नी सारजाबाईंनी द्यावा. शोकसभा नको, कारण अध्यक्ष कोण होणार ते ठरलेलेच आहे. हैबतरावांनी स्मशानात जरूर यावे. रडू आले तर रडावे. अश्रू तपासायला मी नसेन.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

लीलाबाई कुशाबा ढमाले

साक्षीदार:
१. चाँदभाई रमजान तांबोळी, दुकानदार, पौड
२. नथू भैरू शेडगे, शिक्षक, कासार आंबोली

मुक्काम कासार आंबोली, ता. ११ फेब्रुवारी १९६४