मोरीतल्या मुंग्या

कांदिवली, १२ जानेवारी १९८६

तीर्थरूप आईस,
सुलक्षणाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझे खटखटे लाडू पोचले आणि त्यांनी माझी वाट लावली! सहावा महिना म्हणून डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं पाणी पाजून तासाभराने रक्त काढलं. साखर जास्त निघाली. आता उपाशीपोटी बोलावून पुन्हा टोचणार म्हणतात. त्या दिवशी सकाळीच मी तुझे दोन लाडू हाणले होते, मग साखर चढेल नाही तर काय! मी काही परत जाणार नाही. बाळंतपणाला सरळ तुझ्याकडेच येईन. मागीलदारी बसून तुझ्या हातची पेज खायची आहे. इथल्या पेजेला ती चवच नाही गं.

बाबांना नमस्कार. तुझी माया अशीच पार्सलातून येत राहो.

तुझी एकुलती एक,
सुलक्षणा


मालवण, २१ जानेवारी १९८६

चि. सौ. सुलक्षणा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या लाडवांवर खापर फोडू नकोस. तपासणीला जा.

तुला कधी सांगितलं नाही. तुझ्याआधी मला मुलगा झाला होता. तेव्हा मी मोरीत गेले की मागून मुंग्यांची रांग लागायची. तुझी आजी कौतुकाने म्हणायची, झील गोड होतलो. झालाही तसाच, गुटगुटीत, दंडाला वळ्या. सुईणीने एवढं मोठं बाळ पाहिलं नव्हतं. पण तो रडलाच नाही. दृष्ट लागली म्हणाले सगळे, मीही तेच धरून बसले. तुझं पत्र वाचून काल इथल्या डॉक्टरांना मुंग्यांचं सांगितलं. ते म्हणाले, लघवीतून साखर जात असणार.

आज असता तर तुला माहेरी आणायला तोच आला असता. पण तू येऊ नकोस, बाळंतपण तिथेच मोठ्या दवाखान्यात कर. पेज करायला मी येते.

तपासणी झाल्याचं कळव, तोवर जिवाला चैन नाही.

तुझी आई


कांदिवली, १८ जून १९८६

तीर्थरूप आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तू गेल्यापासून स्वयंपाकघर ओकंबोकं वाटतं. पेज मी तुझ्यासारखीच करते, पण जमत नाही.

एक गोष्ट तू इथे असताना सांगायची राहून गेली. दुसऱ्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईला मुलं किती? मी दादाचं सांगितलं. पहिल्यांदाच दादा म्हटलं आणि तिथेच रडू फुटलं.

तुझा नातू वजनाने बेताचा, पण आवाज केवढा! खालच्या मजल्यावरच्या जयाकाकू वर येऊन विचारतात, झालं काय पोराला? मला मात्र त्याला गप्प करवत नाही. वाटतं, मामाच्या वाटणीचंही रडून घेतोय.

बाबांना नमस्कार. आम्हा दोघांवरही लोभ असू दे, दादावर आहे तसाच.

तुझी धाकटी,
सुलक्षणा