नेट मोजायची काठी

१ मार्च

मला काका म्हणाला! एकतीस वर्षं या कॉलेजात 'सर' होतो, एका सकाळीत काका झालो.

टेनिसचा नवीन कोच. पांढरेशुभ्र बूट, गळ्यात शिट्टी, भिंतीवर लावायला तीन प्रमाणपत्रं, तीही चौकटीसकट. "काका, महिनाभर तुमच्याबरोबर राहतो, म्हणजे सगळं समजून घेता येईल." म्हणजे महिन्याभराने माझी उचलबांगडी. ते तेवढं बोलला नाही. चांगल्या घरचा दिसतो.

घरी सांगितलं तर ही म्हणते, "काकाच म्हणाला ना? आजोबा नाही म्हणाला, खूश व्हा!" आणि हसत सुटली. मी रागाने जेवलो नाही. मग जेवलो.

२ मार्च

त्याच्या नेमणुकीच्या पत्रावर सही कुणाची? टिटवीची!

आता ती क्रीडाविभागाची प्रमुख आहे, केबिनच्या दारावर नावाची पाटी आहे, सगळे मॅडम म्हणतात. म्हणोत. पहिल्या वर्षाला आली तेव्हा प्रत्येक फटक्याला टिटवीसारखी ओरडायची, म्हणून हे नाव मीच ठेवलं. रॅकेट कशी धरायची इथपासून मीच शिकवलं. भर उन्हात तिच्यासमोर उभा राहून टोपली-टोपली चेंडू फेकले. पोटच्या पोरीसारखं केलं. आणि तिनेच मला नारळ दिला.

आज जिन्यात समोर आली. "सर, बसायला या ना केबिनमध्ये." मी म्हटलं, "कामं आहेत." कसली कामं? डोंबल!

४ मार्च

टेपवाल्याला (नव्या कोचचं हे नाव. खिशात सदा मोजायची टेप!) आज विचारायचं होतं, सर, आपण खेळ कुठे शिकलात? म्हणून. त्याने आधी मलाच विचारलं. सांगितलं खरं ते. मी या कोर्टावर चुन्याच्या रेषा ओढायच्या कामाला लागलो होतो. बाहेर उभं राहून बघत बघत शिकलो. एक जुनं चित्रांचं पुस्तक मिळालं, त्याची शेवटची पानं फाटलेली. हरल्यावर काय करायचं ते त्याच पानांत असणार! आमचे एक उंचेपुरे प्रोफेसर होते, त्यांनी मला रोज संध्याकाळी खेळायला घेतलं, आणि पुढे प्राचार्यांकडे शब्द टाकून कोच केलं. जाताना स्वतःची रॅकेट दिली मला. देवमाणूस.

टेपवाला नीट ऐकत होता. "भारी आहे काका," म्हणाला. मला आवडायला लागला की काय? छे.

६ मार्च

आजचा दिवस नको होता.

मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. टेपवाला कोर्टावर एकटाच, नेटच्या मध्यावर वाकलेला. मला बघून टेप झटकन खिशात घातली.

"काय चाललंय?"

"काही नाही काका. सहज."

"सहज कसं? बोला की."

नाही-हो करत शेवटी बोलला. नेट मध्यावर तीन फूट हवं. आपलं इंचभर उंच आहे.

तोवर मुलं जमली होती. मी म्हटलं, एकतीस वर्षं हे नेट मी रोज सकाळी माझ्या काठीने मोजतोय. काठी मध्यावर उभी करायची, वरची पट्टी काठीच्या टोकाला लागली की खेळ सुरू. काठी लागल्याशिवाय या कोर्टावर कुणी चेंडूला हात लावलेला नाही! आवाज चढला माझा. तो खाली बघत एवढंच म्हणाला, "मॅडमनी सांगितलं होतं, तुमच्यासमोर मोजायचं नाही म्हणून."

म्हणजे हे आधीच ठरलेलं! माझ्या पाठीमागे मापं काढायची. टिटवे, केबिन मिळाली म्हणून एवढी?

७ मार्च

गेलो नाही. अंग दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

९ मार्च

आज कोर्टावर कुणी नव्हतं, सुट्टी. स्वतःच मोजून बघितलं. टेपने नाही हं, आमच्या पद्धतीने. एक रॅकेट जमिनीवर उभी करायची, तिच्या टोकावर दुसऱ्या रॅकेटचं डोकं आडवं धरायचं. दोन्ही मिळून बरोबर तीन फूट. कोच झाल्यावर पहिल्याच आठवड्यात असंच माप घेऊन ती काठी कापली होती.

काठी रॅकेटींच्या वर आली. पुन्हा केलं. दुसऱ्या दोन रॅकेटी घेतल्या. कपाटातल्या सगळ्या आलटून पालटून लावल्या. काठी वरच!

हल्ली दुकानातल्या रॅकेटीच आखूड येत असतील.

१० मार्च

दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार हसला. म्हणाला, "सर, तुमच्या जन्माआधीपासून हीच लांबी."

घरी येऊन माळ्यावरून प्रोफेसरांची रॅकेट काढली. काठी कापताना उभी धरली होती ती हीच. माझ्याकडे दुसरी चांगली होतीच कुठे? आजच्या रॅकेटीशेजारी उभी केली. इंचभर लांब. ताडमाड माणूस, खास बनवून घेतली असणार. मला काय ठाऊक? मला वाटलं रॅकेट म्हणजे रॅकेट.

ही शिडी धरून उभी होती. "काय हो, इतकं काय बघताय?" मी म्हटलं, धूळ बघतोय.

१२ मार्च

दोन दिवस एकच हिशोब डोक्यात. आमच्या कोर्टावर बाहेरचे संघ कधी आलेच नाहीत. लोकांना बसायला पायऱ्या नाहीत, सामने कायम दुसरीकडे. कुणाला कळणार? माझी मुलं उंच नेटवर शिकली. नेटमध्ये चेंडू मारत नाहीत म्हणून मी मिशीवर ताव मारत फिरायचो. आणि त्या उंच मारायच्या सवयीने बाहेरच्या सामन्यांत चेंडू रेषेपलीकडे किती जायचे! 'जोर आवर, जोर आवर' म्हणून मी घसा कोरडा करायचो. जोराचं काय घेऊन बसलास, मास्तर!

टिटवीचा अंतिम सामना. चौदा वर्षं झाली. जिंकली असती तर वरच्या संघात निवड नक्की होती, निवड करणारे समोरच बसले होते. शेवटचा चेंडू, मोकळं कोर्ट, फटका सुरेख, आणि मागच्या रेषेच्या बाहेर. किती? बोटभर!

मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हटलं, "कच खाल्लीस. ऐन वेळी कच खाल्लीस!" तिने रॅकेट पिशवीत घातली. पुन्हा स्पर्धेत उतरलीच नाही.

बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? दर वर्षी नवीन मुलांना तेच उदाहरण. 'कच खाल्ली की टिटवीसारखं होतं!' मुलं हसायची. तिच्या केबिनची खिडकी कोर्टाकडे उघडते. चार वर्षं ती तिथे बसते आहे. खिडकी कधी लावलेली बघितली नाही.

१३ मार्च

जेवण जात नाही. हिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, "तिला सांगा." मी म्हटलं, आता जाता जाता कशाला? आणखी सतरा-अठरा दिवस, मग कोण विचारतंय? एवढी एक गोष्ट तरी माझी राहू दे, की मी कोच बरा होतो. ही ताट उचलता उचलता म्हणाली, "तुमचं राहील हो. पण तिचं?"

या बाईला वाद घालता येत नाही. एकच बोलते आणि भांडी घासायला जाते.

१४ मार्च

टेपवाल्याने अजून नेट खाली घेतलं नव्हतं. माझ्यासाठी थांबला होता. मीच नेटचा मधला पट्टा खाली ओढला, त्याने टेप धरली. तीन फूट. किती बुटकं दिसतं! मुलांनी पहिले चार चेंडू नेटमध्येच घातले. हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

उद्या टिटवीकडे जायचं. ठरलं.

१५ मार्च

सांगितलं. काठी तिच्या टेबलावर आडवी ठेवली आणि म्हटलं, त्या दिवशी कच तू नाही खाल्लीस, पोरी.

तिने काठी उचलली. मग म्हणाली, "माहितेय सर. दुसऱ्याच दिवशी नेट मोजलं होतं मी."