डोंगर ते धक्का

५ मार्च
आलो एकदाच्या! मागे डोंगर, पुढे बंदर, मधे चिमूटभर शहर. ताईने खोलीत पाऊल टाकताच सामान सोडलं, मागची खिडकी उघडली आणि आता इथेच म्हातारी होणार, असं जाहीर केलं. मागच्या गल्लीत, अगदी डोंगराला टेकून, बेकरी आहे. ओळख ना पाळख, बेकरीवालीने खिडकीतूनच दोन गरम पाव दिले.

६ मार्च
नगरपालिकेत रुजू झाले. रोज सकाळी डोंगराच्या पायथ्यापासून धक्क्यापर्यंत फीत धरायची, आकडा नोंदवहीत लिहायचा, सही ठोकायची. आज सहाशे चाळीस मीटर. रोज मोजून ते काय वाढणार आहे, असं साहेबांना विचारलं. हसले नाहीत. मीही सांगून टाकलं, की फीत म्हणेल तेच लिहीन. खोटा आकडा बापजन्मात लिहिलेला नाही.

९ मार्च
सहाशे तीस! तीनदा मोजलं. दहा मीटर गेले कुठे? चूक फितीची नाही, माझी तर नाहीच नाही. लिहिलं, सही केली.

१० मार्च
मागची गल्ली नाही. खिडकी उघडली तर समोर डोंगर, हात लांबवला की लागेल इतका. बेकरीवालीचं विचारलं तर पोस्टमनने कानावर हात ठेवले. साहेब हळूच म्हणाले, सही होते तेवढंच शहर उरतं. त्यांच्या टेबलावर बाईमाणसाचा चष्मा असतो. कोणाचा, ते त्यांना आठवत नाही.

म्हणजे बेकरीवाली माझ्या सहीने गेली. मला रडू आलं, मग संताप आला.

१२ मार्च
फीत म्हणते सहाशे वीस. आता पाळी आमच्या गल्लीची, आणि ताई घरात. साहेब म्हणाले, तू एकटीच तर राहतेस, दुसरी खोली बघून देतो. एकटी! परवाच ताईने त्यांना चहा पाजलाय.

लिहिलं सहाशे तीस. पहिला खोटा आकडा, आणि खाली सहीही ठोकली.

१३ मार्च
गल्ली जागेवर! डोंगराच्या नाकावर टिच्चून! पण मागची भिंत आत फुगली आहे. शेजारी विचारतात, कोण ताई?

१४ मार्च
फीत पाचशे नव्वद. लिहिलं सहाशे तीस. उद्यापासून साहेब स्वतः मोजून सही करणार. मी वहीच घरी उचलून आणली. चोरी तर चोरी.

१५ मार्च
साहेब दारात — वही मागताहेत — देणार नाही. भिंतीतून माती गळतेय. ताईचं नाव लिहायला गेले — आठवेना. नाव गेलं तर जाऊ दे, ताई आहे! भिंतीला पाठ लावून उभी आहे, ओरडतेय, घाबरू नकोस, लिही —

हे रोजनिशीत नाही, नोंदवहीतच लिहितेय. सही केलेलं उरतं ना? मग उरेल.

नोंद: या गल्लीत आम्ही दोघी बहिणी राहतो. मोजमाप बरोबर आहे. खाली माझी स