कांद्याच्या सालीचं चित्र

सर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटली, आणि आज मला तुमच्याशीच बोलायचंय. फार थकलेय हो.

दुष्काळातला तो दिवस आठवतो का? शाळेचा व्हरांडा, अख्ख्या शाळेत एकच सूक्ष्मदर्शक आणि कांदा तुमच्या घरचा. टँकरच्या गढूळ पाण्याच्या थेंबात कांद्याची पातळ साल ठेवून तुम्ही आरशानं ऊन फिरवताय, आम्ही रांगेनं डोळा लावतोय. ‘दिसंल तेच काढा,’ तुम्ही बजावताय. मला कुठलं काय दिसायला! नुसता धुरळा. मग मी मांडीवर पुस्तक उघडलं आणि त्यातल्या विटांसारख्या नीटस पेशी वहीत उतरवल्या. शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं करडे ठिपके काढले होते. तुम्ही तिची वही वर्गभर फिरवलीत. ‘डोळे हायेत का बटनं?’

‘सर, मला दिसलं त्येच काडलंय,’ ती म्हणाली.

‘मग हिलाच कसं दिसलं?’ असं म्हणून तुम्ही माझं चित्र फळ्याशेजारी टाचलंत. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या मांडीवरचं पुस्तक तिला दिसलं होतं, तरी बोलली नाही. पुढच्या सोमवारी ती आईबरोबर खडी फोडायला गेली, ती परत शाळेत आलीच नाही. दुष्काळामुळंच गेली असेल. मी स्वतःला हेच सांगत आले.

आता माझं कामच बघण्याचं आहे. प्रथिनाचं द्रावण आम्ही इतक्या झटक्यात गोठवतो, की पाण्याला स्फटिक धरायलाही सवड मिळत नाही. मग इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकातून हजारो फोटो काढायचे. प्रत्येकात धुरळाच! संगणक त्यातले कण एकावर एक रचतो, तेव्हा कुठं प्रथिनाचा आकार उभा राहतो. पण ‘असा आकार शोध’ म्हणून त्याला आधीच नमुना दिला, तर तो नुसत्या धुरळ्यातूनही तोच आकार काढून देतो.

मी तेच केलं, सर. माझा आकार देखणा आला, शोधनिबंध छापायला गेला. माझी विद्यार्थिनी नमुन्याशिवाय तेच काम करत होती. तिला गोळ्यापलीकडं काही मिळेना. दोन महिने मी तिला फाडून खाल्लं. एकदा भर बैठकीत म्हणाले, ‘डोळे आहेत का बटणं?’ तुमचंच वाक्य माझ्या तोंडातून गेलं. गेल्या आठवड्यात ती फोटो घेऊन आली, प्रथिन नसलेल्या कोऱ्या बर्फाचे. माझा नमुना तिनं त्यांच्यावर चालवला होता. माझाच आकार निघाला, हुबेहूब.

आज सकाळी मी निबंध मागं घेतला. पाच वर्षांचं काम गेलं, निवृत्ती तोंडावर आलीय. तिची माफी मागितली, तर तीच रडायला लागली. मला रडूही येईना.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक सांगून टाकते. ती शाळेतली मैत्रीण अजून आहे, सर. जामखेडच्या रस्त्याला तिचं घर आहे, मला पक्कं ठाऊक आहे. गावी जाताना दर वेळी एस्टी तिच्या दारावरून जाते आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसते.