ठिणगीतल्या दोन जांभळ्या रेषा

१० ऑक्टोबर १९९७
उद्या दसरा, म्हणून रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये आजच यंत्रांची पूजा. तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकालाही मी स्वहस्ते कुंकू लावलं. ठिणगी तिथेच पडते. दहा मायक्रोसेकंद जगते. तेवढ्यात कॅमेऱ्याने तिच्या उजेडातले रंग वेगळे टिपायचे; प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगरेषा ठरलेल्या. डिसेंबरात मी सीनियर सायंटिस्ट होणार. बायकोला, वैशालीला अजून सांगितलं नाही. सोसायटीत सांगितलंय.

१३ ऑक्टोबर, स. ११
शोध!! तांब्याच्या रेषा सोडून दोन जांभळ्या रेषा. प्लाझ्माची नवी अवस्था. नाव माझंच द्यावं लागणार.

१४ ऑक्टोबर
रेषा फिकटताहेत. ज्युनियर नूरीन मुकादम म्हणते, सर, टोक पुसून बघूया ना, कायतरी लागलंय त्याला. कॉन्ट्रॅक्टवरची पोरगी मला शिकवणार! लॉगबुकात तिने बरंच खरडलं होतं. न वाचता सही केली. मोठी माणसं वाचत बसत नाहीत.

२० ऑक्टोबर
नूरीनने न विचारता टोक पुसलं. रेषा गायब. हिच्या हाताला यशच नाही. दुपारी साहेब बघायला येणार, म्हणून मी पुन्हा कुंकू लावलं. रेषा हजर!

२८ ऑक्टोबर
नूरीनच्या कॉन्ट्रॅक्टचा रिपोर्ट दिला: 'संशोधक वृत्ती नाही.' कॉन्ट्रॅक्ट संपलं. घरी अब्बा आजारी आहेत, घर तिच्याच पगारावर चालतं म्हणे. परवा दिवाळी; पण तो काही तिचा सण नाही, तेव्हा वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. जाताना टेबल पुसून गेली. रडली नाही. गर्व, दुसरं काय!

५ डिसेंबर, पुणे
परिषदेत पेपर वाचला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, ह्या तर कॅल्शियमच्या रेषा, टोकाला काय लावलं होतं? मी अभिमानाने सांगितलं. हॉलभर हशा. कुंकू हळद-चुन्याचं, चुन्यात कॅल्शियम, असं बाईंनी माईकवरून समजावलं. आपल्या संस्कृतीची ही टिंगल! चहा न घेता निघालो.

९ डिसेंबर
साहेबांनी बोलावलं. मी स्पष्ट सांगितलं, चूक नूरीनची, तिने वेळीच सावध करायला हवं होतं. साहेबांनी लॉगबुक पुढे केलं आणि १४ ऑक्टोबरचं पान मोठ्याने वाचायला लावलं: 'टोकाला कुंकू आहे, त्यात चुना असतो. पुसल्याशिवाय रीडिंग धरू नये. सरांना सांगितलं.' खाली माझी सही. सही सुरेख आली होती.

३१ डिसेंबर
साहेबांनी नूरीनला परत बोलावलं. ती महाप्याला दुसरीकडे लागली, येत नाही म्हणाली. म्हणून तिची जागा मला दिली. कॉन्ट्रॅक्टवर. काम: रोज सकाळी टोकं पुसणे.
वैशालीला अजून सांगितलं नाही. सोसायटीत कळलंय.