ढिला चाप

जळगाव, मार्च १९३८

नाना,

बाबांची शिकारीची रायफल किंमत ठरवायला तुम्ही सासऱ्यांच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात माझ्याकडे ठेवून गेलात. "डाक्टरीण, बंदुकीची नाडी बघ अन् भाव चांगला काढ. आजपावत कोनी उघाडेल नही," म्हणालात.

ते खरं आहे. एकाही स्क्रूच्या खाचेवर पेचकस लागल्याची खूण नाही. नळी स्वच्छ आहे. न उघडलेल्या अशा बंदुकीला गिऱ्हाईक तीनशे रुपये देईल. चापही घट्ट आहे. बोटाने जोर दिल्याशिवाय सुटत नाही.

दोन वर्षांपूर्वी शिरपूरपुढच्या डोंगरात मचाणावर बाबा आणि तुम्ही, दोघे भाऊच होता. बाबा गोळी लागून गेल्यावर तुम्ही फौजदाराला सांगितलंत, "चाप ढिला व्हता, गोळी आपोआप सुटनी." ढिला चाप बंदूक उघडल्याशिवाय घट्ट होत नाही.

आई अजून तुमच्याच घरात राहते. म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. तुम्हाला छोटी चिठ्ठी मिळेल: चाप ढिला, बंदूक धोक्याची, किंमत चाळीस रुपये, दुकान विकत घेईल.

रायफल माझ्याकडेच राहील. तिच्या स्क्रूंना मीही हात लावणार नाही.

बाबांची मुलगी,
द्वारका