बेहड्याखाली दोर कोण धरणार

प्रिय संघदीप,

जय भीम. पत्र पाहून घाबरू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तुला साहेबाचं बोलावणं येतं आणि तू आई, नंतर करतो म्हणून ठेवून देतोस. तुझं ते नंतर जानेवारीपासून यायचं आहे. कागद मधेच बंद करता येत नाही, म्हणून अल्काच्या वहीची मधली पानं काढून बसली आहे. तिला सांगितलं, तुझ्या दादाला लिहायचं आहे, चुलीकडे तू बघ, तासभर माझ्याशी कोणी बोलू नका.

मला राग आला आहे. आधीच सांगून टाकते. तुझ्यावर आहे, तुझ्या बाबांवर जास्त आहे, आणि ज्याने तो व्हिडिओ काढला त्याच्यावर सगळ्यात जास्त. मोरगावच्या चिंचेखाली मी लुगडं खोचून दोर धरून उभी आहे आणि वर तुझे बाबा फांदी कापून राहिले, एवढंच त्यात आहे. लोकांना त्यात काय दिसलं देव जाणे, मी देव मानत नाही तरी म्हणते. तो फिरत फिरत गोंदियाला, जिच्याशी तुझं लग्न जमवणं चाललं आहे त्या खुशबूच्या मामाकडे गेला, त्यांनी तुला विचारलं की ये आपकी माताजी हैं क्या, आणि तू न सांगता घरी आलास. मी वेडी, मुलगा आला म्हणून वडे तळायला बसली. जेवताना तू बाबांना म्हणालास की आता आईला झाडाखाली नेऊ नका, चांगलं दिसत नाही, एखादा माणूस ठेवा. तुझ्या बाबांनी मान हलवली आणि शब्द दिला. मी तिथेच होती, तुझ्या ताटात भात वाढत होती. मला कोणी विचारलं का? वांगी घेतानासुद्धा मला विचारणारा माणूस, माझं बावीस वर्षांचं काम एका घासात देऊन मोकळा झाला.

तुला दोर धरणं म्हणजे हमाली वाटत असेल. तू लहानपणी कितीदा पाहिलंस, पण तुझं लक्ष नेहमी वर असायचं, सगळ्यांचंच असतं. म्हणून आज लिहून सांगते. घराला, तारांना लागून असलेलं मोठं झाड बुंध्यातून पाडता येत नाही, ते वरून एकेक फांदी करत उतरवावं लागतं. तुझे बाबा कमरेचा दोर बुंध्याला घेऊन चढतात. जी फांदी कापायची तिला आधी दुसरा दोर बांधतात, तो वरच्या बेचक्यातून खाली माझ्याकडे सोडतात, आणि मी तो शेजारच्या झाडाच्या बुडाशी गुंडाळते. पातळ फांदीला दोन वेढे, जाडीला चार, दोर ओला असला तर एक कमी. ते मी ठरवते, त्यांनी कधी विचारलं नाही. ते फांदीला आधी खालून थोडी खाच घालतात, म्हणजे साल चिरत अंगावर येत नाही, मग वरून कापतात. शेवटचा हात मारायच्या आधी कुऱ्हाडीच्या पाठीने दोनदा ठोकतात. मी दोराला एक हिसका देते, म्हणजे मी तयार आहे. हिसका लागल्याशिवाय ते कापत नाहीत, मग कितीही वेळ लागो. आणि फांदी सुटली की खरं काम माझं. ती धरायची नसते, सोडायची असते, वेढ्यावरून सरकत सरकत, तिच्या वजनाला जागा देत. जागच्या जागी धरली तर ती झोका घेऊन परत बुंध्यावर येते, आणि बुंध्याला माणूस बांधलेला असतो. म्हणून या कामाला नुसता ताकदीचा माणूस चालत नाही, तो धरून ठेवतो.

माझ्याआधी दोर धरणारे चैतराम काका रायपूरच्या कारखान्यात गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. दोर धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी दोन दिवसांसाठी उभी राहिली. पहिल्या दिवशी हाताची सालं निघाली, मी हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तुझं शिक्षण याच दोरावर झालं असं मी म्हणणार नाही, ते सगळ्याच आया म्हणतात. मला ते काम आवडायचं, हे मात्र म्हणते. एवढी मोठी फांदी माझ्या हातातून हळूहळू उतरून एकही कौल न फोडता जमिनीला टेकली, की मला फार बरं वाटायचं. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगते. मार्चमध्ये बाबा सौंदडला मोपेडवरून घसरले असं तुला कळवलं होतं. तू बिचाऱ्याने हेल्मेट पाठवलंस. ते मोपेडवरून पडले नव्हते रे. सौंदडला एका मिलच्या आवारात जुना निंब उतरवायचा होता. माणूस ठेवा म्हणालास, म्हणून त्यांनी आपल्या गल्लीतल्या उदारामला नेलं. उदाराम वाईट माणूस नाही, पोतं एका हाताने उचलतो. दोन वेढे द्यायला सांगितले होते त्याला. त्याने एकच दिला आणि बाकीचा दोर मनगटाला गुंडाळून पाय रोवून उभा राहिला, कायले घाबरता म्हणे, मी सोडत नाही. आणि खरंच सोडला नाही. फांदी झोका घेऊन आली आणि तुझ्या बाबांच्या कुशीवर आदळली. तीन बरगड्या गेल्या. कमरेचा दोर होता म्हणून ते वरच लोंबकळत राहिले, मिलच्या लोकांनी शिडी लावून उतरवलं तेव्हा अर्धा तास झाला होता. उदारामचं मनगट अजून सरळ होत नाही.

मी तेव्हा घरी होती. तुझ्या म्हणण्याप्रमाणे चांगली दिसत, डाळ निवडत. दवाखान्यात मी त्यांना विचारलं, तुम्हाला तीस वर्षं झाली या कामात, खालून हिसका आल्याशिवाय कापलं काऊन? त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग सांगितलं की त्यांनी सवयीने दोनदा ठोकलं होतं आणि वाट पाहिली होती. उदारामला ते शिकवायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, कारण मलाही कधी शिकवलं नव्हतं. दोर हलला नाही, खाली लोक पाहून राहिले होते, म्हणून कापून टाकलं. बरगड्या पाहून मी रडली नव्हती. हे ऐकून बाहेर पायरीवर जाऊन रडली. तुला कळवू नको अशी शपथ त्यांनी मला घातली. तुला वाईट वाटेल म्हणे. सगळ्यांचं वाईट वाटणं सांभाळतात, माझं सोडून.

आता ते बरे आहेत, डॉक्टरांनी चढायला हरकत नाही म्हटलं आहे, आणि इथूनच माझं डोकं फिरायला लागलं आहे. शाळेमागचा बेहडा तुला आठवत असेल. मेच्या वादळात त्याचा मोठा फाटा चिरला आणि तो पहिलीच्या वर्गाच्या कौलांवर वाकून उभा आहे. बेहड्यात भूत असतं म्हणून बाकीचे हात लावत नाहीत. भूतबीत काही नाही, पण बुंधा आतून पोकळ आहे, तो तुझ्या बाबांशिवाय कोणाला उतरवता येणार नाही. सरपंच भूमेश्वरीताई दोनदा घरी येऊन गेल्या, परवानगीचा कागद हातात आहे, शाळा सोमवारी उघडते. आणि तुझे बाबा खाटेवर बसून आहेत. दुसऱ्या कोणाच्या हाती दोर देऊन ते चढणार नाहीत, ते मला दिसतं. मला घेऊन जाणार नाहीत, कारण पोराला शब्द दिला आहे. मी भांडली, दोन दिवस बोलली नाही, ताट आपटलं. ते फक्त म्हणतात, संघदीपला काय तोंड दाखवू?

म्हणून हे पत्र. बाबांना फोन कर आणि तो शब्द परत घे. माझ्यासाठी नको, मला तुझी परवानगी नको आहे. त्यांच्यासाठी घे, त्यांना तो मोडता येत नाही. शनिवारपर्यंत कर. रविवारी खुशबूकडचे घर पाहायला येणार आहेत हे मला माहीत आहे. अल्का चहा करेल, पोहे करेल, पण मी घरी नसेन. त्यांना माताजी पाहायच्या असतील तर शाळेमागे घेऊन ये, जरा लांब उभं कर. आणि तुझा फोन नाही आला, तरी रविवारी सकाळी मी दोर खांद्यावर टाकून बेहड्याखाली जाऊन उभी राहीन. बावीस वर्षांत मी खाली उभी आहे आणि ते वर चढले नाहीत, असं एकदाही झालेलं नाही. ते येतीलच. फक्त तुझा शब्द मोडून आले, तर पोकळ झाडावर त्यांचं मन अर्धं तुझ्याकडे राहील, आणि त्याला माझ्याकडे दोर नाही.

तुझीच,
आई
पार्वताबाई केवळराम, केशोरी